छातीत आवाज ऐकू आला, म्हणजे झडपच बिघडली काय?

विहिरीवरचा पंप पाणी उचलीनासा झाला की आपल्यातले बहुतेक जण पहिला दोष फूटव्हॉल्व्हला देतात. पाइप वर ओढायचा, व्हॉल्व्ह उघडून बघायचा, नवे चामडे बसवायचे, यात अख्खी सकाळ जाते. कधी दोष तिथेच निघतो. पण कित्येकदा व्हॉल्व्ह ठणठणीत असतो आणि विहिरीतले पाणीच खाली गेलेले असते, किंवा विजेचा दाब कमी असतो, किंवा पाइपला वर कुठेतरी चीर गेलेली असते. पाणी न येणे ही झाली खूण. तिच्यामागची कारणे अनेक असतात.

माणसाच्या हृदयाचेही असेच आहे. दवाखान्यातून 'हृदयाची झडप' हा शब्द घरी आला की घरातले सगळे बसून राहतात. ऑपरेशन, मुंबई, लाखांचा खर्च, जमीन गहाण, इथपर्यंत विचार एका संध्याकाळीच पोहोचतो. धाप लागणे, छाती धडधडणे, पायावर सूज येणे, चक्कर येणे, लवकर थकणे ही सारी झडपेच्या दुखण्याची लक्षणे आहेत हे खरे. पण हीच लक्षणे, आणि डॉक्टरांच्या नळीतून ऐकू येणारा तो आवाजसुद्धा, झडपा धडधाकट असतानाही येऊ शकतात. असे कोणकोणत्या दुखण्यांत होते ते आज सांगायचे आहे. विशेषतः सुरत, तापी आणि नवापूर या आपल्या पट्ट्यात त्यातले एक दुखणे घरोघर दडून बसलेले आहे. त्याला आम्ही या लेखात सर्वांत जास्त जागा देणार आहोत.

आधी झडपा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा. रक्ताने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच झडपेचे काम, आपल्या फूटव्हॉल्व्हसारखेच. हे उघडणे-मिटणे दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा होते. झडप आकसली तर रक्त अरुंद फटीतून जोराने जाते. ती सैल झाली तर रक्त मागे गळते. दोन्ही वेळा नेहमीच्या 'लब-डब' या ठोक्यांच्या मध्ये सूंऽऽ असा आवाज येतो. त्याला डॉक्टर मर्मर म्हणतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून ती एका बाईच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके ऐकले. आजच्या नळीचा जन्म तिथला.

पण मर्मर म्हणजे रक्त खळखळत वाहते आहे, एवढेच ती नळी सांगते. पाटाच्या पाण्याचा आवाज वाटेत दगड आला म्हणून होतो, तसाच पाणी फार वेगाने सुटले म्हणूनही होतो. काठावर डोळे मिटून बसलेल्याला नुसत्या आवाजावरून कारण सांगणे कठीण. कित्येक निरोगी मुलांच्या छातीतही असा हलका आवाज येतो आणि वय वाढल्यावर तो आपोआप नाहीसा होतो.

नवापूरकडचा एक मुलगा

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्याला ठाऊक आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. त्या तालुक्यातले एक कुटुंब आमच्या ओळखीचे आहे. भात, तूर, थोडी नागली एवढी शेती. दिवाळीनंतर बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. त्यांचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याचे गुडघे आणि हातपाय दुखू लागले. तो अंगाने किरकोळ, खेळताना दमायचा. ऊसतोडीच्या मुक्कामाजवळ एका डॉक्टरांनी छाती तपासली, आवाज ऐकला आणि सांगितले, "काका, वात हृदयावर गेला आहे. झडप खराब होते आहे." दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. तीन वर्षे बापाने ते चुकवले नाही. कधी सायकलवरून, कधी टेम्पोत बसवून त्याने मुलाला नेले. त्यासाठी बुडालेली मजुरी कोणी मोजली नाही. पुढे कोणीतरी ऑपरेशनचे नाव काढले तेव्हा त्याने बैलजोडी विकली.

त्या डॉक्टरांना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. आपल्या देशात सांधे दुखणारे मूल आणि छातीत मर्मर एवढे जुळले की पहिला विचार संधिवाताच्या तापाचा येतो, आणि तो यायलाच हवा. गरीब वस्तीतल्या मुलांच्या झडपा बिघडण्याचे मोठे कारण आजही तेच आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो. घसा बरा होतो आणि आपण विसरून जातो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजला, तो उतरला तोवर घोटा, मग कोपर, असे दुखणे एका मोठ्या सांध्यातून दुसऱ्यात फिरते. सांधे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर डाग राहून जातो. पुन्हा पुन्हा घसा सुजला की तो डाग वाढतो. म्हणूनच दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिन देतात. त्या इंजेक्शनांनी पुष्कळ मुलांची हृदये वाचवली आहेत.

चूक झाली ती इथे, की आवाज ऐकला आणि पुढे कोणी रक्त पाहिले नाही.

पातळ रक्त धावते

झडपेच्या दुखण्याची सर्वांत अधिक नक्कल करणारे दुखणे म्हणजे पंडुरोग, अर्थात रक्त कमी असणे. रक्तातला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन, अंगभर प्राणवायू वाहून नेतो. पुरुषात तो १३ च्या वर, बाईत १२ च्या वर आणि गरोदर बाईत ११ च्या वर असावा. तो ७ किंवा त्याच्याही खाली उतरला म्हणजे तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. गाडी लहान, माल तेवढाच. मग खेपा वाढणारच. नाडी जलद होते, छाती धडधडते, टेकाड चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. पातळ झालेले रक्त वेगाने धावते म्हणून मर्मरही ऐकू येतो. फार दिवस असेच चालले तर हृदय मोठे होते आणि एक्स-रेमध्ये तसे दिसते. आता धाप, सूज, मर्मर आणि मोठे हृदय हे सारे एकत्र आल्यावर कोणाला झडपेची शंका येणार नाही?

रक्त कमी होण्याची आपल्याकडची कारणे साधी आहेत. अनवाणी शेतात जाणाऱ्याच्या पायातून आकडीचे जंत शिरतात आणि आतड्याला चिकटून रोज थोडे थोडे रक्त पितात. बायांना पाळीत अतिशय रक्त जाते आणि त्या लाजेने बोलत नाहीत. लागोपाठची बाळंतपणे असतात. घरात सगळे जेवल्यावर जे उरेल ते खाण्याची सवय तर आहेच. जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या यांनी काही महिन्यांत रक्त भरते, आणि रक्त भरले की तो आवाजही जातो. झडपेचा आवाज मात्र असा जात नाही.

पण आपल्या भागातला प्रत्येक पंडुरोग लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

रक्तातल्या लाल पेशी गोल, मऊ आणि मध्ये दबलेल्या असतात. अरुंद नळीतून त्या वाकून सहज निघून जातात. काही माणसांच्या हिमोग्लोबिनमध्ये आईबापांकडून आलेला एक बारीकसा फरक असतो. अंगात प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडले किंवा ताप आला की त्यांच्या पेशी ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात. विळे एकमेकांत अडकून बारीक नळ्या तुंबवतात. तुंबेल तिथे भयंकर कळ उठते: हाडात, पाठीत, पोटात, छातीत. शिवाय या वाकड्या पेशी लवकर फुटतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही दोन-तीन आठवड्यांतच संपते. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळसर आणि लहानपणी पानथरी वाढलेली. याला सिकलसेल म्हणतात.

आता जुळवून पाहा. सांधे दुखतात, मधून मधून ताप येतो, धाप लागते, हृदय मोठे दिसते, मर्मर ऐकू येतो. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या मुलाचे वर्णन करायला बसलो तर आम्ही याहून वेगळे काय लिहिणार? ही फसगत फक्त आपल्या खेड्यातली नाही. हे दुखणे पहिल्यांदा छापून आले ते १९१० साली अमेरिकेत शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी लिहिले तेव्हा. हेरिक हे हृदयाचे नावाजलेले वैद्य होते. त्यांचा रोगी म्हणजे ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला एक तरुण, आणि त्याच्या तक्रारींत धाप व छातीची धडधड होतीच. त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टराने रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात पाहिला, तेव्हा त्या विळ्यासारख्या पेशी दिसल्या. नुसती छाती ऐकून ते दुखणे सापडले नसते.

भारतात हे दुखणे प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळले. त्यानंतर तपासण्या वाढल्या तसे ते मध्य भारतात आणि आपल्या पश्चिम पट्ट्यातही मोठ्या प्रमाणात असल्याचे उघड झाले. सुरत, तापी, डांग, नवसारी, वलसाड, भरूच आणि इकडे नंदुरबार, धुळे या भागांतल्या गामीत, चौधरी, वसावा, भिल्ल, कुकणा अशा जमातींत याचे वाहक पुष्कळ आहेत. काही जमातींत शंभरात दहापासून वीसपर्यंत, कुठे त्याहूनही अधिक. आपल्या पूर्वजांनी यात काही पाप केले असे मुळीच नाही. ज्याच्या अंगात हा गुण एकाच बाजूने आलेला असतो त्याला जंगलातला जीवघेणा हिवताप सहसा मारत नाही. हिवतापाच्या मुलखात असे लोक जगले आणि त्यांची पोरेबाळे वाढली. म्हणून हा गुण आपल्यात टिकला. ज्याने आजोबांना तारले तेच आता दोन्ही बाजूंनी एकत्र आले की नातवाला छळते.

गुजरात सरकारने २००६ पासून या दुखण्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवला, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे साऱ्या देशासाठी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. पहिली तपासणी रक्ताच्या थेंबावर होते. तिच्यात संशय आला तर दुसऱ्या तपासणीने माणूस नुसता वाहक आहे की रोगी ते ठरते. आदिवासी भागात ही तपासणी सरकारी दवाखान्यातून फुकट होते.

दोहोंत फरक कसा ओळखावा? निदान करणे आपले काम नाही. पण डॉक्टरांना नीट हकीकत सांगणे हे आईबापांचेच काम आहे. संधिवाताचा ताप सहसा पाच वर्षांच्या आत येत नाही. सिकलसेलच्या मुलाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच हातापायाची बोटे सुजून कळा आलेल्या असतात. त्या वेळी आजी म्हणते, दृष्ट लागली, आणि गोष्ट विसरली जाते. पहिल्यात मोठे सांधे सुजतात आणि दुखणे एकातून दुसऱ्यात फिरते. दुसऱ्यात सांध्यांबरोबर नळीची हाडे, पाठ आणि पोटही दुखते, आणि थंड पाण्यात उतरले, फार दमले किंवा उन्हात पाणी कमी प्यायले की कळ उठते. पहिल्यात डोळे पांढरे असतात, दुसऱ्यात बहुधा पिवळट. घरात दुसऱ्या कोणाला असेच दुखणे होते काय, एखादे भावंड लहानपणी गेले काय, हेही न विचारता सांगावे.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो, कारण आमचे लिहिणे वाचून कोणी घाई करू नये. मुलाचे पेनिसिलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही दुखणी एकाच मुलात असू शकतात. शिवाय सिकलसेलच्या लहान मुलांनाही पाच वर्षांचे होईपर्यंत पेनिसिलिन देतात, पण कारण वेगळे असते: त्यांची पानथरी नीट काम करीत नाही आणि न्यूमोनियाचे जंतू त्यांना लवकर गाठतात. त्यासाठीच्या लसीही टोचून घ्याव्यात. लोहाचे टॉनिकही तपासल्याशिवाय देऊ नये. या मुलांचे रक्त कमी असले तरी लोह पुष्कळदा पुरेसे असते. त्यांना फॉलिक ॲसिडची गोळी लागते, आणि कळा वारंवार येत असतील तर डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध रोज देतात. ते घेताना ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. बाकी पथ्य साधे आहे. दिवसभर पाणी पीत राहायचे, थंडीत अंग झाकायचे, दमेपर्यंत कामाला जुंपायचे नाही आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ऊसतोडीच्या मुक्कामावर हे पाळणे किती अवघड आहे ते आम्हाला माहीत आहे.

दुसरी फसवी दुखणी

गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते. त्यामुळे थोडी धाप, पावलांना सूज, छातीची धडधड आणि हलका मर्मर पुष्कळ निरोगी बायांत आढळतो आणि बाळंतपणानंतर जातो. पण इथे उलट बाजूनेही फसगत होते. लहानपणी आकसलेली झडप कोणाच्या लक्षात आलेली नसते. सातव्या-आठव्या महिन्यात रक्ताचा भार वाढला की ती प्रथम डोके वर काढते. 'पोटुशी बाई आहे, दम लागायचाच' असे म्हणून सासू तिला गप्प बसवते. बाईला सपाट झोपता येत नसेल, रात्री दम कोंडून ती उठून बसत असेल किंवा थुंकीत रक्त येत असेल, तर त्याला गरोदरपणाचा त्रास म्हणू नये. तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.

चुलीचा धूर आम्ही वेगळा सांगतो, कारण तो कोणी दुखण्यात धरत नाही. वीस-तीस वर्षे ओल्या लाकडांच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईची फुप्फुसे बिडी ओढणाऱ्यासारखी होतात. आधी खोकला, मग धाप, आणि शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडून पाय सुजतात. घरच्यांना वाटते हृदयाचा रोग. मूळ मात्र चुलीत असते. साखर कारखान्याच्या आवारात जुना, बुरशी आलेला उसाचा भुगा उपसणाऱ्यांनाही काही तासांनी ताप, खोकला आणि धाप असा त्रास होतो. तो त्या बुरशीच्या धुळीचा असतो. नाकाला ओले फडके बांधण्यापेक्षा भुग्यावर पाणी मारून धूळ बसवणे आणि चांगला मास्क लावणे अधिक बरे.

पावसाळ्यात भाताची लावणी झाली की सुरत, नवसारी, वलसाड भागांत १९९४ पासून लेप्टोचा ताप पुष्कळदा पसरला आहे. उंदराचे, गुरांचे मूत चिखलात मिसळते आणि पायाच्या भेगांतून जंतू अंगात शिरतात. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल किंवा पिवळे डोळे, आणि काहींना दोन-चार दिवसांतच धाप. या तापाने हृदयाचा स्नायू आणि फुप्फुसे धरली जातात. काल नांगर धरणारा माणूस आज धापा टाकू लागला, तर त्याची झडप एका रात्रीत खराब झाली असे मानण्यापेक्षा पहिल्यांदा या तापाची शंका घ्यावी. लावणीच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. त्या कोनाड्यात ठेवण्यासाठी नसतात. गरोदर बायांनी आणि लहान मुलांसाठी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

क्षयरोग फक्त फुप्फुसाचा असतो हा गैरसमज आहे. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. क्षयाने तिच्यात पाणी भरते किंवा ती जाड होऊन हृदयाला आवळून धरते. मग मानेच्या शिरा फुगतात, पोटात पाणी होते, पाय सुजतात, आणि माणूस झडपेच्या शेवटच्या अवस्थेतल्या रोग्यासारखा दिसतो. वेळेवर सापडले तर क्षयाच्या औषधांनी हे दुखणे पुष्कळदा बरे होते.

शेतकऱ्याने लक्षात ठेवावे असे आणखी एक. बांधावर काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा पिवळा धोत्रा उगवतो. गुजरातीत त्याला दारूडी म्हणतात. त्याचे बी मोहरीसारखे काळे आणि बारीक असते. ते मोहरीत मिसळून घाण्यात गेले की तेलात विष उतरते. त्या तेलाने घरातल्या अनेकांचे पाय एकदम सुजतात, लाल होतात, जुलाब होतात, धाप लागते आणि हृदय थकते. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने साठाहून अधिक माणसे मेली. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या चौघांचे पाय एका आठवड्यात सुजले तर झडपेचा विचार सोडून तेलाचा डबा तपासायला द्यावा.

राहिलेली थोडक्यात सांगतो. गळ्यातली थायरॉइडची गाठ जास्त काम करू लागली की धडधड, हाताला कंप, घाम, आणि भूक असूनही वजन उतरणे. मूत्रपिंड बिघडले की सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज. कीटकनाशक फवारताना अंगात गेले की घाम, तोंडाला लाळ, छातीत घरघर आणि पुष्कळदा मंद झालेली नाडी; अशा वेळी दवाखान्यात जाताना औषधाची बाटली बरोबर न्यावी. कर्ज आणि भांडण यांनीही छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात. ते ढोंग नसते, पण तपासणी झाल्याशिवाय तसे म्हणूही नये. आणि दिवसाला दहा कप चहा नि गालात तंबाखू ठेवून 'ठोका चुकतो' म्हणणाऱ्यांना आम्ही काय सांगावे!

खरोखर झडप असेल तर

एवढे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे झडपेचे दुखणे नसतेच. तसे नाही. धाप महिन्यामहिन्याने वाढत जाते, उशा वाढवत जावे लागते, नाडी अगदी अनियमित चालते, थुंकीत रक्त येते, श्रम करताना चक्कर येऊन माणूस पडतो, किंवा तरुण वयात अचानक एक बाजू लुळी पडते. ही लक्षणे असली तर एक दिवसही घालवू नये. झडप आकसली असेल तर काही रोग्यांत छाती न फाडता, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती मोकळी करता येते. बदलायचीच झाली तर नवी झडप आपल्या देशातही बनते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवली गेली.

खरे-खोटे ठरवणारी तपासणी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जिला एको म्हणतात. ती दुखत नाही, तिच्यात सुई नाही, आणि पडद्यावर झडपा उघडताना-मिटताना दिसतात. सुरतच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ती होते. पण तिच्याही आधी, किंवा तिच्याबरोबर, रक्त तपासले आहे का ते विचारावे. हिमोग्लोबिन किती, सिकलसेलची तपासणी झाली का, हे दोन प्रश्न कोणीही अडाणी माणूस विचारू शकतो. विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. जुने कागद, एक्स-रे, औषधांची पाकिटे एका पिशवीत ठेवून प्रत्येक वेळी न्यावीत. ऊसतोडीला जाताना तर ती पिशवी भांड्यांच्या आधी बांधावी.

नवापूरच्या त्या मुलाचे शेवटी असेच झाले. ऑपरेशनचे पैसे कमरेला बांधून बाप त्याला घेऊन सुरतला आला. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकण्याआधी मुलाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. डोळे पिवळे होते. हिमोग्लोबिन निघाले साडेसहा. त्यांनी मुलाच्या आईला विचारले, "मावशी, हा रांगत होता तेव्हा याची बोटे सुजली होती का?" आईने हो म्हटले, आणि ती रडू लागली, कारण याच्या आधीचे एक मूल तसेच सुजून तापात गेले होते. एको झाला. हृदय थोडे मोठे, झडपा चारही चांगल्या. सिकलसेलची तपासणी आली तेव्हा सारे उलगडले. मुलाला रोगी ठरवले गेले, आणि आईबाप दोघेही वाहक निघाले.

आईबाप दोघे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात चारांत एक मूल रोगी, दोन वाहक आणि एक निरोगी होण्याचा संभव असतो. हा हिशेब दर वेळी नव्याने लागू होतो. पहिले रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नाही. नुसत्या वाहकाला काही त्रास होत नाही. तो नांगर धरतो, कुस्ती खेळतो, म्हातारा होतो. त्याने लग्न करू नये असे कोणी म्हणत नाही. समोरचाही वाहक आहे का एवढे आधी कळावे. आपल्याकडे लग्नाच्या घोषणा वाचल्या जाण्याआधी कागदपत्रे मागतात, त्यांत हाही एक कागद असावा असे आमचे मत आहे. गर्भारपणातही सुरुवातीला तपासणी करून घेता येते.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. रोजची गोळी घेतो, शाळेत पाण्याची बाटली नेतो, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याला कळ आली नाही. बैलजोडी परत आली नाही. बाप भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरतो. मुलाच्या थोरल्या बहिणीचे लग्न उच्छलकडे ठरते आहे. तिचे रक्त तपासले, ती वाहक निघाली. बापाने ते लपवले नाही; मुलाच्या घरी जाऊन, चहा होण्याआधीच सांगितले. तिथे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलाची आजी म्हणाली की आमच्याही घरात दोन पोरे पिवळी पडून गेली होती. परवा मुलगा व्यारा येथे जाऊन रक्त देऊन आला. कागद यायचा आहे.